इंडिकेटर नीट लागत नाही? पार्ट बदलण्याआधी वीज कुठे अडतेय ते शोधा

जुन्या गाडीचा इंडिकेटर बंद पडला की दुरुस्तीचा एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी बल्ब बदलायचा, मग फ्लॅशर, म्हणजे दिव्याची उघडझाप करणारा पार्ट, त्यानेही भागलं नाही तर स्टिअरिंगजवळच्या दांडीचा अख्खा कॉम्बिनेशन स्विच. खर्च वाढत जातो आणि पहिला जोराचा पाऊस पडला की दुखणं पुन्हा तिथंच. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीत पार्टच्या आधी जोड खराब होतात, म्हणून हे असं होतं. वायर आणि बल्बचा होल्डर, होल्डर आणि बॉडी, फ्यूज आणि त्याची पकड, बॅटरी आणि तिचं टर्मिनल, अशा प्रत्येक ठिकाणी वीज एका धातूवरून दुसऱ्या धातूवर जाते, आणि तिथे गंज, कार्बन नाहीतर ढिलेपणा येतो. हे जोड कुठे आहेत आणि कोणतं लक्षण कोणत्या जोडाकडे बोट दाखवतं, एवढं कळलं तरी बरीचशी दुरुस्ती घरच्या अंगणात होते.

इथे मी मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवली आहे. ती डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे अगदी शेवटची गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. गावोगावी त्या अजून चालतात. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावं लागतं, तेव्हाच्या तपासणीत दिवे आणि इंडिकेटर बघितले जातातच. पण झेन असो, सँट्रो असो की अँबॅसडर, इंडिकेटरच्या वायरिंगचं मूळ सूत्र सगळीकडे जवळपास सारखंच आहे.

वीज जाते कुठून, परत येते कुठून

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्या प्लसकडून निघालेली वीज चावीच्या स्विचमधून, फ्यूजमधून, मग फ्लॅशरमधून इंडिकेटरच्या दांडीपर्यंत येते. दांडी डावीकडे केली की ती डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या बल्बकडे जाते. बल्ब पेटतो. पण काम तिथे संपत नाही. बल्बमधून बाहेर पडलेली वीज बॅटरीच्या मायनसला परत पोचली पाहिजे, तरच ती वाहते.

या परतीसाठी मागून पुढपर्यंत वेगळी वायर ओढलेली नसते. गाडीची पत्र्याची बॉडी हीच परतीची वाट. होल्डरपासून निघालेली एक छोटी वायर, बहुतेक गाड्यांत काळी, जवळच्या पत्र्याला स्क्रूने कसलेली असते. पुढे बॅटरीच्या मायनसची जाड केबल बॉडीला आणि इंजिनला जोडलेली असते. गॅरेजमध्ये याला 'अर्थ' म्हणतात. येणारी वीज सगळेच तपासतात, परतीची वाट मात्र फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते जुन्या गाडीत शोधाची सुरुवात तिथूनच करावी.

आता ती टिकटिक. जुन्या थर्मल फ्लॅशरमध्ये दोन धातूंची एक पत्ती असते. वीज वाहिली की ती तापून वाकते आणि संपर्क तुटतो, निवली की पुन्हा जोडला जातो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये हेच काम छोटं सर्किट आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, करतात. उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावी, असं अपेक्षित असतं.

इंडिकेटरचा साधा बल्ब २१ वॅटचा. एका बाजूचे दोन पेटले की मिळून साधारण साडेतीन अँपिअर वीज वाहते. एक उडाला की ती निम्मी होते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हे ओळखतो आणि टिकटिक जवळपास दुप्पट वेगाने करतो, ड्रायव्हरला कळावं म्हणूनच त्याची तशी रचना केलेली असते. तेव्हा एकाच बाजूला भराभर टिकटिक होत असेल तर फ्लॅशर ठणठणीत आहे आणि त्या बाजूचा एखादा बल्ब वीज घेत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. थर्मल फ्लॅशरचं मात्र वेगळं असतं. वीज कमी वाहिली की पत्ती पुरेशी तापत नाही, म्हणून दिवा संथ लुकलुकतो किंवा नुसता पेटून राहतो.

हौसेने एलईडी बल्ब टाकणाऱ्यांना हाच अनुभव येतो. एलईडी इतकी कमी वीज घेतो की फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखंच वाटतं. एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवणं हा नीट उपाय. काही जण बल्बला समांतर रेझिस्टर लावतात, पण तो चांगलाच तापतो. प्लास्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला चिकटून ठेवला तर ते वितळवतो.

काहीही उघडण्याआधी चालू करून बघा

एक पान्हाही हातात न घेता बरंच कळतं. चावी ऑन करा, डावा इंडिकेटर द्या, उजवा द्या, मग दोन्ही बंद करून हजार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं बटण, लावा. प्रत्येक वेळी गाडीला एक फेरी मारून कोणता दिवा पेटतोय ते बघा.

चारही कोपऱ्यांपैकी एकच दिवा मुका असेल तर फ्लॅशर, फ्यूज, दांडी यांना हात लावायचं कारण नाही. दोष त्या कोपऱ्यातच आहे: बल्ब, होल्डर, नाहीतर तिथला अर्थ. उजवी बाजू नीट आणि डावीकडचे पुढचा-मागचा दोन्ही बंद, असं असेल तरी फ्लॅशर निर्दोष, कारण तो दोन्ही बाजूंना सामाईक आहे. त्यात हजार्डवर डावी बाजू पेटत असेल तर वायर आणि बल्बही ठीक आहेत, दांडीच्या स्विचमधला डाव्या बाजूचा संपर्क पकडत नाहीये.

सगळ्यात उपयोगी लक्षण यापुढचं. हजार्ड चारही कोपऱ्यांत व्यवस्थित लागतात, पण डावा-उजवा इंडिकेटर अजिबात नाही. हजार्डला वीज थेट बॅटरीकडून मिळते, चावी बंद असली तरी. इंडिकेटरला ती चावीतून, वेगळ्या फ्यूजमधून मिळते. मधला फ्लॅशर मात्र बहुतेक गाड्यांत एकच. तेव्हा हजार्ड चालतात म्हणजे फ्लॅशर, बल्ब आणि अर्थ सगळं चांगलं आहे. राहिला इंडिकेटरचा फ्यूज, आणि राहिलं हजार्डचं बटण. अनेक जपानी धाटणीच्या गाड्यांत इंडिकेटरची वीज हजार्डच्या बटणातूनच पुढे जाते. ते बटण वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही, आतल्या संपर्कावर कार्बन धरतो आणि दोष नसलेला फ्लॅशर बदलला जातो. असं झालं तर आधी फ्यूज बघा, मग हजार्डचं बटण पंधरा-वीस वेळा दाबून सोडा. संपर्क घासला जातो आणि कित्येकदा इंडिकेटर तिथल्या तिथे सुरू होतो. तात्पुरता का होईना, दोष सापडला.

हजार्डही नाहीत आणि इंडिकेटरही नाहीत, दोन्ही फ्यूज मात्र शाबूत, अशा वेळी फ्लॅशरवर संशय घ्यायला हरकत नाही. तो काढून तो ज्यात बसतो त्या कपलरमधली येणाऱ्या विजेची पिन आणि दिव्यांकडे जाणारी पिन एका छोट्या वायरीने जोडा. जपानी फ्लॅशरवर त्या सहसा बी आणि एल अशा लिहिलेल्या असतात. तिसरी ई ही अर्थची पिन, तिला वायर लागू देऊ नका, फ्यूज उडेल. आता दांडी दिल्यावर दिवा न लुकलुकता पेटून राहिला तर फ्लॅशर गेलेला आहे. दिवा पेटलाच नाही तर फ्लॅशरपर्यंत वीजच पोचत नाही, किंवा पुढे वाट तुटलेली आहे.

ब्रेक दाबला की इंडिकेटर का पेटतो

चक्रावून टाकणारी बहुतेक लक्षणं एकाच गोष्टीतून येतात. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो. पार्किंग लावलं की इंडिकेटरची टिकटिक बिघडते. ब्रेकचा दिवा लागण्याऐवजी मागच्या दिव्याचा सगळा डबाच फिका उजळतो. पाहणाऱ्याला वाटतं, आत वायर शॉर्ट झाल्या. पण वायर पत्र्याला शॉर्ट झाली असती तर फ्यूज उडाला असता.

मागच्या दिव्याच्या डब्यात ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर असे बल्ब शेजारी शेजारी असतात आणि बहुधा त्या सगळ्यांचा अर्थ एकच. तो एक अर्थ गंजला की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या विजेला बाहेर पडायला जागा राहत नाही. मोरी तुंबली की पाणी शेजारच्या जाळीतून वर येतं, तसंच इथे होतं. वीज शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरते, त्याच्या वायरीने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाते आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बाहेर पडते. पार्किंगच्या तारेतून गेली तर ती दुसऱ्या बाजूच्या दिव्याचा अर्थ गाठते. वाटेत लागलेले सगळे बल्ब एकामागोमाग जोडल्यासारखे होतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच व्होल्ट येतात आणि सगळेच मंद पेटतात.

चिपळूणला माझ्या मामांच्या गाडीला हेच झालं होतं. एका गॅरेजमध्ये फ्लॅशर आणि दांडीचा स्विच दोन्ही बदलून झाले होते, फरक शून्य. डिक्कीतलं अस्तर बाजूला केलं तर दिव्यामागे पत्र्यात कसलेला एक बारका स्क्रू दिसला. भोवतीचा रंग फुगून पापुद्रा आलेला, स्क्रूचं डोकं तपकिरी, आणि वायरीच्या टोकाच्या रिंगवर हिरवट पांढरी पूड. स्क्रू फिरवताना करकरला. तो काढून पत्रा आणि रिंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, दातेरी वॉशर टाकून घट्ट कसलं, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर तिन्ही वेगवेगळे आणि लख्ख पेटले.

कोकणात हे जास्त का होतं ते उघड आहे. खारी हवा, चार महिने दमट डिक्की, दिव्याच्या काचेचं कडक झालेलं रबर पॅकिंग. त्यातून पाणी आत शिरतं आणि होल्डरच्या तळाशी साचतं. दिवा साफ करून झाल्यावर पॅकिंग बदललं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा करावं लागेल.

अर्थचा दोष पक्का करायला एक सोपी युक्ती आहे. दोन-तीन मीटर वायर घ्या, तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं बिघडलेल्या होल्डरच्या धातूला किंवा त्याच्या अर्थच्या वायरीला टेकवा. दिवा झटकन लख्ख झाला तर शोध संपला.

आणखी एक दोष मात्र अर्थसारखा दिसतो आणि अर्थचा नसतो. मागे ब्रेक आणि पार्किंग मिळून एकाच बल्बात दोन तारा असतात, २१ आणि ५ वॅटच्या. त्याच्या बगलेतल्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, बल्ब उलटा बसू नये म्हणून. कुणी घाईत तिथे एका तारेचा बल्ब दाबून बसवला की त्याचा तळ दोन्ही संपर्कांना एकत्र जोडतो. मग ब्रेक दाबला की पार्किंग आणि डॅशबोर्डचे दिवेसुद्धा पेटतात. अर्थ साफ असूनही असं दिसलं तर बल्ब काढून खुंट्या बघा.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी दिवा पेटत नाही

डिजिटल मल्टीमीटर आता स्वस्तात मिळतो आणि घ्यावाच. पण त्याची एक खोड माहीत हवी. तो मोजताना वीज जवळपास घेतच नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस तुटून एकच उरली असेल, तरी मीटर निवांत १२ व्होल्ट दाखवेल. त्याच तारेतून बल्बला लागणारी पावणेदोन अँपिअर वीज न्यायची वेळ आली की वाट आखडते. म्हणून व्होल्ट नेहमी दिवा चालू ठेवून मोजायचे.

अर्थ तपासताना मीटरचं एक टोक होल्डरच्या अर्थच्या धातूवर आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसवर ठेवा, दिवा चालू असू द्या. चांगल्या अर्थवर ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट दिसतील. एक-दीड व्होल्ट दिसले तर तेवढे व्होल्ट गंजात वाया जातायत. जोडात फक्त १ ओहमचा अडथळा आला तरी २१ वॅटच्या बल्बला बाराऐवजी साडेदहा व्होल्ट मिळतात, आणि बल्बचा उजेड व्होल्टपेक्षा कितीतरी वेगाने उतरत असल्याने तो जवळपास एकतृतीयांशाने कमी होतो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा इंडिकेटर भर उन्हात दिसतो की नाही, हे इथे ठरतं.

स्टार्टरच्या बाबतीत हा हिशोब आणखी कडक आहे. तो शंभरएक अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे ०.०२ ओहमचा क्षुल्लक अडथळाही २ व्होल्ट खातो. इंजिनाला जाणारी अर्थची केबल खराब असेल तर वीज क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते. सेल्फ मारल्यावर या केबल गरम लागल्या तर स्टार्टर उतरवण्याआधी ती अर्थची केबल आणि तिची दोन्ही टोकं बघा.

मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पही चांगला: १२ व्होल्टचा बल्ब, एका वायरीला क्लिप, दुसरीला टोकदार सळई. तो स्वतः वीज घेतो, त्यामुळे एका तारेवर लटकलेल्या वायरीचं सोंग त्याच्यापुढे टिकत नाही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असलेल्या गाडीत मात्र त्या युनिटच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका. मारुती ८००मध्ये साधारण २००० सालाच्या सुमारास एमपीएफआय इंजिन, म्हणजे अशा युनिटच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं इंजिन, आलं, त्यानंतरच्या गाड्यांत ही काळजी घ्यायची.

फ्यूज आणि मागाहून जोडलेलं सामान

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, हे मी कुणालाही कधीच करू देणार नाही. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो उडला नाही तर वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि बाजूच्या वायरी त्यात सापडतात. गाडीला आग लागायला एवढं पुरतं. चपट्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवावेत: ७.५ अँपिअर तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर जो आकडा लिहिलाय तोच टाकायचा.

फ्यूज का उडतो, हे बहुतेक वेळा मागाहून जोडलेल्या सामानात सापडतं. रिव्हर्स हॉर्न, सेंट्रल लॉक, फॉग लॅम्प, स्टिरिओ. प्रत्येक वेळी कुणीतरी मूळ वायर सोलून नवी तिच्यावर पिळली आणि वर टेप मारली. दोन उन्हाळ्यांत टेपचा चिकटपणा जातो, उघडी तांब्याची तार पत्र्याला लागते. असे जोड कापून काढा, नीट सोल्डर करा किंवा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवा, आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा. ६०/५५ वॅटच्या जागी १०० वॅटचे हेडलाइट बल्ब टाकले असतील तर स्विचमधून दहाऐवजी सोळा-सतरा अँपिअर जातात आणि आतलं प्लास्टिक वितळतं. जास्त उजेड हवाच असेल तर आधी रिले बसवून वीज बॅटरीकडून थेट घ्यावी.

पावसाळ्यात उंदरांकडेही लक्ष हवं. ते इंजिनाच्या उबेला बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. परवापर्यंत चालणारी गोष्ट एका रात्रीत बंद पडली, तर बॉनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेलं आवरण शोधा.

इंडिकेटर संथ झाला, बॅटरी उतरते

रात्री पावसात हेडलाइट आणि वायपर चालू असताना सिग्नलला उभं राहिलं की टिकटिक मंदावते, अ‍ॅक्सिलरेटर दिला की सुधारते. इथे इंडिकेटरचा काही संबंध नाही. इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर पुरेशी वीज देत नाहीये. बंद गाडीत, काही तास उभी राहिल्यावर, भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी. इंजिन चालू असताना हा आकडा १३.८ ते १४.५च्या दरम्यान हवा. तेरालाही पोचत नसेल तर अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे का बघा, टर्मिनलवरची पूड गरम पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, मग अल्टरनेटरकडे वळा.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी वीज झिरपतेय. छतातला ५ वॅटचा दिवा किंवा डिक्कीतला बल्ब न विझता राहिला तरी तो ०.४ अँपिअर घेतो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते, आणि सेल्फ त्याच्या खूप आधी बसतो. शोधायचं असं: सगळं बंद करा, चावी काढा, बॅटरीची मायनस केबल सोडवा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी धरून ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल त्याच्या वाटेवर दोष. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्या. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

आणि कोणतंही काम करताना आधी मायनस केबल काढायची, जोडताना ती शेवटी जोडायची. हातातलं घड्याळ, कडं, अंगठी बाजूला ठेवा. पान्हा प्लस आणि बॉडीला एकाच वेळी टेकला तर तो क्षणात लालबुंद होतो.

इलेक्ट्रिशियनकडे जायचंच झालं तर "इंडिकेटर लागत नाही" एवढ्यावर थांबू नका. "हजार्ड चारही लागतात, चावीवर डावा-उजवा दोन्ही नाहीत, फ्यूज बघितलाय" असं सांगा, तो थेट हजार्डचं बटण उघडेल. "ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो" असं सांगितलंत तर जाणता माणूस आधी डिक्की उघडायला लावेल. तरीही एखादा पार्ट बदलला गेलाच, तर जुना मागून घ्या. तो पुष्कळदा चांगला निघतो आणि स्पेअर म्हणून गाडीत ठेवता येतो.